ब्रेक आधी बोलतात
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आजवर या व्यासपीठावरून मी बोलले ते पाककृतींवर किंवा मुलांच्या संगोपनावर. या वेळी मोटारीच्या ब्रेकविषयी बोलणार म्हटल्यावर कार्यकारिणीत थोडा हशा झाला. तो रास्तच होता. मला मोटार चालविता येत नाही. पण मी मोटारीत बसते, आणि बसणाऱ्यालाही कान, नाक व तोंड असते.

दोन वर्षांपूर्वी मुलीला आणावयास आम्ही मलकापूर स्टेशनवर निघालो. जीप दिरांची, चालविणारा पुतण्या. मागे मी, जाऊबाई आणि दोन लहान मुले. महिनाभर ती जीप थांबताना चीं चीं करीत होती. मी एकदा विचारलेही. "काकू, धूळ बसली असेल, पाऊस पडला की जाईल," असे तो म्हणाला आणि मी गप्प बसले. पुढे चीं चीं जाऊन खर्र खर्र सुरू झाले. मला वाटले, चला, कानाचा त्रास तरी गेला!

बुलढाणा सोडून राजूर घाट उतरू लागलो. चार वळणे झाली आणि काही जळल्याचा वास आला. जाऊबाई म्हणाल्या, कोणी धुरा पेटविला असेल. पुढच्या वळणावर पुतण्याचा पाय पेडलसकट खाली गेला, तो गेलाच. पोराला प्रसंगावधान होते. त्याने पेडल पंप मारल्यासारखे भराभर दाबले, गाडी खालच्या गिअरात आणली, हँडब्रेक हळूहळू ओढला आणि डोंगराच्या कडेला घासत जीप थांबविली. आम्हांला खरचटलेही नाही. पण धाकटी मुलगी आजही घाट आला की माझा पदर धरते.

मोताळ्याहून मिस्त्री आणला. त्याने चाक उघडले तेव्हा पॅडचा थर संपून लोखंडावर लोखंड घासत होते, आणि ब्रेक ऑइल काढ्यासारखे काळे झाले होते. त्या भल्या माणसाने मला सारे समजावून सांगितले. पायाचा दाब नळ्यांतल्या तेलातून चाकापर्यंत जातो. तेल दबत नाही, म्हणून जोर पोहोचतो. मात्र हे तेल हवेतला ओलावा शोषून घेते. घाटात सतत ब्रेक दाबले की ते तापते, त्यातल्या पाण्याची वाफ होते, आणि वाफ दबते. मग पेडल फुसके लागते. म्हणून साधारण दोन वर्षांनी ते तेल बदलावयाचे. आणि ती चीं चीं? पुष्कळ पॅडांना मुद्दामच एक पत्र्याची जीभ बसविलेली असते. नव्या पॅडचा थर दहाबारा मिलिमीटरचा. तो झिजून दोनतीनवर आला की ती जीभ चकतीला लागून ओरडते. म्हणजे जीप महिनाभर आम्हांला हाका मारीत होती.

ब्रेक दाबताच गाडी एका अंगाला ओढते, पेडल पायाखाली थरथरते, चाकाच्या आतल्या बाजूला ओले दिसते, समोरचा लाल दिवा विझत नाही, ही लक्षणेही तशीच. बाटलीतले ऑइल कमी झाले तर नुसते भरून मोकळे होऊ नये. ते कोठे गेले, पॅड झिजले की नळी गळते, हे पाहावे.

४ जुलै २०२३ रोजी धुळे जिल्ह्यात पळासनेरला मुंबई-आग्रा रस्त्यावर एक कंटेनर वाहनांना धडकून हॉटेलात घुसला. ब्रेक निकामी झाल्याचे पोलिसांनी तेव्हा सांगितले. निदान दहा माणसे गेली. याउलट २० नोव्हेंबर २०२२ रोजी पुण्याच्या नवले पुलावर एका मालट्रकने अनेक गाड्या चिरडल्या, तेव्हाही आधी ब्रेकचेच नाव झाले; तपासणीत मात्र उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये टाकल्याचे आढळले. डिझेल वाचविण्याची ही खोड आपल्याकडच्या पोरांनाही आहे, म्हणून मुद्दाम सांगितले.

आता ट्रॅक्टर. विवेकानंद जयंतीच्या महाप्रसादाला आपल्या गावी ट्रॅक्टर-ट्रॉल्यांतून पुरीभाजी वाढली जाते, हे साऱ्या जिल्ह्याला ठाऊक आहे. त्याच ट्रॉलीत बसून आपण लग्नाला आणि सोंगणीलाही जातो. ट्रॅक्टरला ब्रेकची दोन पेडले असतात, डाव्या चाकाचे वेगळे, उजव्याचे वेगळे. शेतात आखूड वळण घेता यावे म्हणून. रस्त्यावर ती दोन्ही खिटीने जोडलीच पाहिजेत. वेगात एकच दाबले गेले तर ट्रॅक्टर फिरून उलटतो. शिवाय ट्रॉलीला बहुधा स्वतःचे ब्रेक नसतात, उतारावर भरलेली ट्रॉली मागून ढकलते. माणसे बसवावयाची ती जागाच नव्हे, असे माझे मत. ते घरोघरी मानले जाईल अशी आशा नाही. निदान चढण्यापूर्वी "खिटी लावली का रे बाबा?" एवढे विचारा. रागावला तर रागावू द्या.

माझे दोन शब्द संपले. पुतण्या बाहेर जीपचे बॉनेट उघडून उभा आहे. ऑइलची बाटली आणि तिच्यावरच्या कमीअधिकच्या दोन रेघा प्रत्येकीने पाहून घ्याव्या. चहा त्यानंतर.