कॅमेऱ्याची पारख

डिजिटल कॅमेरा घ्यावयास निघालेला गृहस्थ दुकानात शिरला, की त्याचा पहिला प्रश्न बहुधा ठरलेला असतो: "किती मेगापिक्सेलचा?" ज्वारी घेताना माप तेवढे विचारावे आणि दाणा पाहूच नये, त्यातलाच हा प्रकार.

१९७५ साली ईस्टमन कोडॅक कंपनीतील स्टीव्हन सॅसन या तरुण अभियंत्याने पहिला डिजिटल कॅमेरा बांधला, तेव्हा त्याचे चित्र अवघ्या दहा हजार बिंदूंचे होते आणि ते कॅसेटच्या फितीवर उतरण्यास २३ सेकंद लागत. त्या काळी बिंदू मोजण्यात अर्थ होता. आज बारा इंच लांब आणि आठ इंच रुंद चित्र उत्तम छापावयाचे, तर इंचाला ३०० बिंदू या हिशेबाने ८६ लाख बिंदू पुरतात. म्हणजे नऊ मेगापिक्सेलसुद्धा नव्हेत. याहून मोठी चित्रे किती घरांच्या भिंतींवर लागतात?

खरा प्रश्न उजेडाचा आहे. भिंगातून आलेला प्रकाश कॅमेऱ्यातील ज्या चकतीवर पडतो, तिला सेन्सर म्हणतात. खिशात मावणाऱ्या साध्या कॅमेऱ्यात ही चकती सुमारे सहा मिलिमीटर लांब व साडेचार मिलिमीटर रुंद असते. फुल-फ्रेम म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कॅमेऱ्यात ती ३६ बाय २४ असते. क्षेत्रफळात फरक तीसपटीचा. एकाच पावसात अंगणात वाटी ठेवावी आणि परात ठेवावी, तसेच हे.

देवघरात समईपाशी बसलेल्या आजीचे चित्र ज्याला हवे आहे, त्याला परातच हवी. फ्लॅशचा लखलखाट केला, की आजी दिसते, पण समईचा उजेड मरतो. अशा वेळी भिंगाचे तोंडही मोठे लागते. एफ १.८ चे भिंग एफ ५.६ च्या भिंगापेक्षा सुमारे साडेनऊपट प्रकाश आत घेते. पुष्कळदा कॅमेऱ्यावर अधिक खर्च करण्यापेक्षा असे एक भिंग घेणे शहाणपणाचे ठरते.

उलट, भिगवणला उजनीच्या पाण्याकाठी रोहित पक्षी पाहावयास जाणाऱ्याची गरज निराळी. तेथे ऊन मुबलक, पण पक्षी दूर. त्याला लांब पल्ल्याचे भिंग हवे, आणि सेन्सर लहान असला तरी भागते. मात्र तो पल्ला भिंगाचाच असावा. 'डिजिटल झूम' म्हणजे टिपलेल्या चित्राचा मधला तुकडा कापून ताणणे. त्याने पक्षी जवळ येत नाही. आणि ज्याला केवळ प्रवासातली आठवण ठेवावयाची आहे, त्याच्या खिशातला फोन ते काम चोख करतो, हे दुकानदार सहसा सांगत नाही.

दुकानदार कॅमेरा दाखवितो तोही दाराशी, भरपूर उजेडात. गिऱ्हाइकाने तो आतल्या अंधाऱ्या कोपऱ्यात न्यावा, फ्लॅश बंद करावा, सोबत आलेल्या माणसाचा चेहरा टिपावा आणि पडद्यावर मोठा करून डोळ्यांपाशी नीट पाहावा.