अकरावीच्या वर्गातली अँटिगनी



कामगार चळवळीतल्या माणसाला वसंत व्याख्यानमालेत बोलावले म्हणजे तो पगार, महागाई आणि कंत्राटी पद्धत यांवर बोलणार, अशी श्रोत्यांच्या मनाची तयारी झालेली असते. आम्ही आज एका ग्रीक नाटकाविषयी बोलणार आहोत. विषय कळवला तेव्हा चिटणीसांनी दोनदा विचारले, "नक्की ना?" आमचे शाळेतले शिक्षण नववीला थांबले. इंग्रजी आम्ही शिकलो ते 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्याच्या पुस्तकावरून, शेजारी शब्दकोश ठेवून. कायद्याचे इंग्रजी येऊ लागले तरी नाटकाचे इंग्रजी येत नाही, हे आम्हांला पन्नाशी उलटल्यावर कळले.

त्याचे असे झाले. आमची धाकटी मुलगी येथेच अकरावीत होती. 2019 साली लागलेल्या अकरावीच्या इंग्रजीच्या पुस्तकात नाटकाच्या इतिहासावर एक पाठ आहे. तो शिकवताना बाईंनी पुस्तक बाजूला ठेवले आणि सोफोक्लीजचे 'अँटिगनी' हे नाटक सोप्या इंग्रजीत उतरवून वर्गात वाचायला घेतले. परीक्षेत यावर प्रश्न येणार नव्हता. मुलीची वही आम्ही रात्री चाळली आणि दुसऱ्या दिवशी बाईंना भेटून मागच्या बाकावर बसायची परवानगी मागितली. हंगाम चालू होता. ऊसतोडीला गेलेल्या घरांतली काही मुले वर्गात नव्हती, त्यामुळे बाकाची अडचण पडली नाही.

हे नाटक इसवी सनापूर्वी सुमारे 441 च्या सुमाराचे. सोफोक्लीजने शंभरावर नाटके लिहिली, त्यांतली सात पूर्ण उरली आहेत. अथेन्समध्ये अशी नाटके डायोनायसस देवाच्या जत्रेत होत आणि ती जत्रा वसंतात भरे. न्यायमूर्ती रानड्यांनी 1875 साली पुण्यात वसंतातच व्याख्यानांची प्रथा घातली. आपली मढीची कानिफनाथांची यात्राही होळीपासून पाडव्यापर्यंत चालते. सुगी आटोपली, उन्हे तापू लागली, की माणसाला चार माणसांत जाऊन बसावेसे वाटते, हे तिकडेही तसेच असावे. अथेन्समध्ये पुढे पुढे गरिबाला नाटकाच्या प्रवेशाचे पैसे सरकारी तिजोरीतून मिळत. ही मागणी आमच्या कोणत्याही संघटनेने अद्याप केलेली नाही.

आता कथा. थीबीज नगराच्या गादीसाठी दोन सख्खे भाऊ लढले आणि एकमेकांच्या हातून मेले. एक नगराच्या बाजूने लढला, दुसरा, पॉलिनिसीज, परक्यांचे सैन्य घेऊन आपल्याच गावावर चालून आला होता. गादी त्यांच्या मामाकडे, क्रेऑनकडे आली. त्याने हुकूम काढला: पहिल्याला मानाने पुरा, दुसऱ्याचे प्रेत गावाबाहेर कुत्र्यागिधाडांना पडू द्या; जो माती देईल त्याला देहान्त. या भावांची बहीण अँटिगनी. मामाच्याच मुलाशी, हीमॉनशी, तिची सोयरीक ठरलेली. ती बहिणीला बरोबर ये म्हणते, बहीण घाबरते, तेव्हा ही एकटी जाते आणि भावाच्या देहावर कोरडी धूळ टाकते. मामा, भाचे, सोयरीक ही नाती वर्गाला समजावून सांगावी लागली नाहीत. धुळीपाशी मात्र मुले अडली. एवढ्याशा धुळीने काय होणार, प्रेत तर उघडेच राहिले ना? बाईंनी फळ्यावर एकच मराठी शब्द लिहिला, 'मूठमाती'. पुढे कोणी शंका काढली नाही.

मुलांना सर्वांत आवडला तो पहारेकरी. प्रेतावर राखण करणाऱ्यांच्या हातून चूक झाली आहे, राजाला कळवायचे कोणी, म्हणून ते चिठ्ठ्या टाकतात आणि हा बिचारा निवडला जातो. वाटेत दहा वेळा थांबतो, परत फिरावे की काय म्हणतो. राजा ऐकून घेतो आणि पहिला आरोप करतो की तुम्ही लाच खाल्ली. वर्ग पोट धरून हसला. आम्हीही हसलो, कारण फाटकावरच्या वॉचमनवर पहिला संशय घेण्याची रीत अडीच हजार वर्षांची आहे हे ठाऊक नव्हते.

नंतर अँटिगनीला पकडून आणतात. राजा विचारतो, हुकूम तुला माहीत होता काय? ती म्हणते, होता. हे वाचले जात असताना आम्ही वहीत लिहून घेतले: 'चौकशी पूर्ण.' आम्ही कारखान्यांतल्या खातेचौकशांत कामगाराच्या बाजूने पुष्कळ वेळा बसलो आहोत. आरोपपत्र वाचतात, कामगार कबूल करतो, अधिकारी कागद मिटतो. पण हुकूमच योग्य होता काय, ही चौकशी त्या टेबलावर कधीच होत नाही. ती चौकशी या नाटकात होते आणि ती मागणारा राजाचा मुलगा आहे. हीमॉन बापाला आधी अदबीने सांगतो की गाव अंधारात कुजबुजते आहे, तुमच्या तोंडावर बोलायला कोणी धजत नाही. पुराच्या काठची जी झाडे वाकतात ती वाचतात, असा दृष्टान्त तो देतो. तो ऐकताच दोघातिघा मुलांनी एकदम तुकोबांचे नाव घेतले. बाप ऐकत नाही. काल जन्मलेल्याने मला राज्य शिकवावे काय, हा त्याचा सवाल. ही भाषा आम्ही वाटाघाटीत मालकांकडून ऐकली आहे, आणि घरी मुलांशी स्वतः वापरलीही आहे.

दुसऱ्या दिवशी बाईंनी वाद ठेवला: बरोबर कोण? जवळजवळ सगळा वर्ग अँटिगनीकडे गेला. मुलांनी दाखलेही आपलेच दिले. रावण पडल्यावर त्याचा अंत्यविधी कर म्हणून रामानेच बिभीषणाला सांगितले. भारतीय युद्धानंतर युधिष्ठिराने दोन्ही बाजूंच्या मृतांना अग्नी देवविला. प्रतापगडाच्या पायथ्याशी अफझलखानाची कबर आहे. क्रेऑनच्या बाजूने एकच मुलगा उभा राहिला. तो मोडक्या इंग्रजीत, मध्येच मराठीत, म्हणाला: लढाई कालच संपली आहे, गाव अजून सावरलेले नाही. गावावर शत्रू आणणारा आणि गावासाठी मेलेला यांना एकच मान दिला, तर पुढच्या वेळी गावासाठी कोण मरेल? आणि राजाने आपल्या भाचीला सूट दिली तर बाकीच्यांनी नियम का पाळावा?

हे भाषण आमचे होते. शब्द थोडे वेगळे, एवढेच.

सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांपूर्वी नगरजवळच्या एका कारखान्यात (जिल्ह्याचे नाव आता अहिल्यानगर झाले, आमच्या तोंडी अजून नगरच येते) आम्ही मोठा संप केला. दोन महिने होत आले असता एक कामगार फुटून कामावर गेला. त्याच्या पाठोपाठ आणखी गेले, आणि संप मोडला. सभेत ठराव झाला की त्याच्या दारी कोणी जायचे नाही, लग्नाला नाही आणि मयतालाही नाही. ठराव आम्हीच मांडला होता. वर्षाच्या आत तो माणूस आजारी पडून गेला. चाळीत त्याचे नातेवाईक थोडे. आमचा एक सभासद, जुना आणि विश्वासू, संपात उपास काढलेला, त्याच्या मयताला गेला आणि त्याने खांदा दिला. आम्ही त्याला कार्यकारिणीपुढे बोलावले. विचारले, ठराव माहीत होता? तो म्हणाला, होता. त्याचे सभासदत्व रद्द केले. इतिवृत्तात 'शिस्तभंग' असा शब्द आमच्या अक्षरात आहे.

इतकी वर्षे आम्ही स्वतःला सत्तेपुढे उभे राहणाऱ्यांत धरत होतो. क्रेऑन म्हणजे मालक, क्रेऑन म्हणजे सरकार, असे वाचत वर्गात बसलो होतो. दक्षिण आफ्रिकेत रॉबेन बेटावरच्या तुरुंगात कैद्यांनी हेच नाटक केले होते आणि नेल्सन मंडेलांनी त्यात क्रेऑनचे काम केले, असे त्यांच्या आत्मचरित्रात आहे. पूर्वी हे वाचताना नवल वाटले होते, की या माणसाच्या वाट्याला तीच भूमिका कशी आली! आता तितके वाटत नाही. उद्या ज्याला राज्य चालवायचे आहे, त्याने ते काम एकदा करून पाहिलेले बरे.

नाटकाचा शेवट ठाऊक आहेच. अँटिगनीला जिवंतपणी गुहेत कोंडतात. आंधळा ज्योतिषी टायरेसियस इशारा देतो, तेव्हा कोठे क्रेऑन नमतो. गावचे म्हातारे त्याला सांगतात, आधी जा आणि मुलीला सोडव, मग त्या मेलेल्याला माती दे. क्रेऑन उलटे करतो. आधी प्रेताला अग्नी देतो, वर मातीचा उंचवटा रचतो, आणि मग गुहेकडे वळतो. तोवर तिने गळफास घेतलेला असतो. हीमॉन तिथेच तलवारीवर पडतो आणि ते ऐकून राणीही जीव देते. बाईंनी विचारले, त्याने क्रम का बदलला? मुलांची उत्तरे अनेक आली. आम्हांला वाटते, मेलेल्याचे देणे फेडणे सोपे असते, तो उलटून बोलत नाही. जिवंत माणसापुढे जाऊन 'आमचे चुकले' म्हणायचे, तर पाय जड होतात. समेट करताना मालक पहिल्यांदा हारतुऱ्यांचे कार्यक्रम लावतात आणि काढलेल्या माणसांचा प्रश्न शेवटच्या कलमात ठेवतात, तेही यातलेच.

ज्यांना इंग्रजी जड जाईल त्यांनी निराश होऊ नये. सोफोक्लीजच्या इडिपसला पु. ल. देशपांड्यांनी 'राजा ओयदिपौस' म्हणून मराठीत आणले आहे. जर्मनांच्या ताब्यातल्या पॅरिसमध्ये 1944 साली झालेली आनुईची 'अँटिगनी' डॉ. श्रीराम लागूंनी मराठी रंगभूमीवर आणली. शोकांतिका म्हणजे काय हे मुळातून पाहायचे, तर विंदा करंदीकरांनी केलेला ॲरिस्टॉटलच्या काव्यशास्त्राचा अनुवाद आहे. तो आम्ही दोनदा वाचला, अर्धा समजला.

तो सभासद अजून हयात आहे. वर्ग संपल्यानंतरच्या रविवारी आम्ही त्याच्या गावी गेलो. त्याने चहा दिला, पावसापाण्याचे बोलला. विषय आम्हीच काढला. तो म्हणाला, "साहेब, तीनच माणसं होती. चौथा नको का?" एवढे बोलून तो उठला आणि गुरांकडे गेला.

गेल्या महिन्यात कार्यकारिणीपुढे आम्ही तो जुना ठराव रद्द करण्याची सूचना मांडली. नवी मुले म्हणाली, त्याला आता कामच नाही, सभासदत्व देऊन काय उपयोग? एकाने विचारले, "मग उद्या संपात फुटणाऱ्याचं काय करायचं?" प्रश्न खरा आहे आणि आमच्याकडे त्याचे तयार उत्तर नाही. सूचना पुढच्या सभेवर ठेवली आहे.