वाळवंटातील गुरे आणि उष्णतेचा जमाखर्च

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याच्या आग्नेय कोपऱ्यात, मेक्सिकोच्या सरहद्दीला लागून, इंपीरियल खोरे नावाचा प्रदेश आहे. त्यातील एल सेंट्रो हे शहर समुद्रसपाटीच्याही खाली वसलेले आहे. वर्षाचा पाऊस सरासरी 3 इंचांच्या आतच. भर उन्हाळ्यात दुपारचे तपमान 40 अंश सेल्सियसच्या वर राहते आणि पुष्कळदा 45 अंशांना भिडते. अशा भूमीत वाळू आणि काटेरी झुडपे यांवाचून दुसरे काय असणार, असे कोणासही वाटेल. परंतु कोलोरॅडो नदीचे पाणी सुमारे 80 मैलांच्या कालव्याने या खोऱ्यात आणलेले आहे. त्या पाण्यावर लसूणघासाची हिरवीगार शेते उभी राहिली, आणि वैरण झाली तेथे गुरेही आली. मांसासाठी वाढविली जाणारी लाखो गुरे गेली कित्येक दशके तेथील उघड्या वाड्यांत पोसली जात आहेत.

शेकडो मैलांच्या रखरखाटात अवजड जनावर जगवायचे, आणि नुसते जगवायचे नव्हे तर त्याचे वजन दिवसेंदिवस वाढवायचे, हे साधते कसे? याचे उत्तर एखाद्या अवजड यंत्रात नाही. ते जनावराच्या शरीरातील उष्णतेच्या जमाखर्चात आहे.

गाईबैलांच्या शरीराचे स्वाभाविक तपमान साडेअडतीस अंशांच्या आसपास असते. ही उष्णता केवळ उन्हातून येत नाही. गुरांचे कोठीपोट ही एक सतत पेटलेली भट्टीच होय. तेथे वैरण आंबते, कुजते, पचते. त्या क्रियेत उष्णता निर्माण होते आणि खुराक जितका भारी, तितकी ती अधिक. थंड प्रदेशात हीच उष्णता जनावराला उपकारक ठरते. वाळवंटात तीच त्याच्या जिवावर उठते. सभोवतालची हवा शरीरापेक्षा तापली, की अंगातील उष्णता हवेत आपोआप जाण्याचा मार्ग खुंटतो. मग उरतात घाम आणि धाप हे दोनच उपाय. गाईला माणसासारखा भरपूर घाम येत नाही. म्हणून ती धापू लागते. एरवी मिनिटाला वीस-तीस श्वास घेणारे जनावर शंभराच्या वर श्वास घेऊ लागले, जीभ बाहेर काढून लाळ गाळू लागले, की संकट दाराशी आले असे समजावे.

जमेची पहिली बाब अर्थात ऊन. ते अडविण्यासाठी सावली हवी. पण सावली सावलीत फरक असतो. 1940 ते 1960 या काळात कॅलिफोर्निया विद्यापीठ आणि अमेरिकेचे कृषिखाते यांच्या संशोधकांनी याच खोऱ्यात या प्रश्नाचा कसून अभ्यास केला. केली, बाँड आणि इटनर या संशोधकांची नावे त्या कार्याशी निगडित आहेत. त्यांच्या कामातून दिसून आले ते असे, की ठेंगणे छप्पर हे अर्धेच छप्पर. तापलेला पत्रा डोक्याशी असला, तर तो स्वतःच जनावरावर उष्णता ओततो. छप्पर 10 ते 12 फूट उंच ठेवले, तर वारा मोकळा खेळतो; शिवाय जनावराला उत्तरेकडचे निरभ्र आकाश खुले राहते. ते आकाश भोवतालच्या तापलेल्या जमिनीहून पुष्कळच थंड असते, आणि जनावराच्या अंगातील उष्णता त्याच्याकडे निघून जाऊ शकते. पत्र्याला वरून पांढरा रंग देणे हिताचे. आणि गवताचे अथवा पेंढ्याचे जाड छप्पर तर नुसत्या पत्र्यापेक्षा अधिक सुखद.

याच अभ्यासात कुंपणाचाही विचार झाला. फळ्यांचे भरीव कुंपण आणि तारेचे विरळ कुंपण अशा दोन प्रकारच्या वाड्यांत गुरे ठेवून पाहण्यात आली, तेव्हा तारेच्या वाड्यातील गुरांचे वजन अधिक वाढले. कारण उघड आहे. फळ्या वारा अडवितात आणि स्वतः तापून उष्णता परत फेकतात. वाळवंटात जनावराचे घर म्हणजे भिंती नव्हेत. वर सावली आणि चहूबाजूंनी वारा, हेच त्याचे खरे घर.

आता खुराकाकडे वळू या. उन्हाने हैराण झालेले जनावर प्रथम खाणे सोडते. भट्टी मंदावण्याचा तो त्याचा स्वतःचाच उपाय असतो. कुशल गोपालक या स्वभावाशी झगडत नाही. तो वेळ बदलतो. खाल्ल्यानंतर चार ते सहा तासांनी पचनाची उष्णता कळसाला पोहोचते. सकाळी आठला गव्हाण भरली, तर हा कळस नेमका भर दुपारच्या उन्हाला येऊन मिळतो. म्हणून दिवसाच्या खुराकातील मोठा वाटा सायंकाळी द्यावा, म्हणजे आतली आग रात्रीच्या गारव्यात विझते. कोरड्या, रेषाळ वैरणीतून शरीराला मिळणाऱ्या शक्तीच्या मानाने उष्णता जास्त निघते. तेव्हा उन्हाळ्यात वैरण थोडी कमी करून धान्य आणि सरकी यांसारखा खुराक वाढविण्याकडे कल असतो. परंतु येथे अतिरेक घातक ठरतो. वैरण फारच घटली, किंवा दिवसभर उपाशी राहिलेले जनावर रात्री धान्यावर तुटून पडले, तर पोटात आम्ल माजते आणि जनावर दगावू शकते. बदल करावा तो हळूहळू.

पाण्याचा हिशेब तर थक्क करणारा आहे. साडेचारशे किलो वजनाचे पोसले जाणारे जनावर कडाक्याच्या थंडीत दिवसाला 30 ते 35 लिटर पाणी पिते; हवा 32 अंशांवर गेली, की तेच जनावर 75 ते 80 लिटरपर्यंत पिते. म्हणजे शंभर गुरांच्या वाड्याला दिवसाला आठ हजार लिटर पाणी केवळ पिण्यासाठी हवे, तेही सावलीतील हौदात. आणि सर्व जनावरे एकाच वेळी हौदावर लोटली, तरी दुबळ्याला जागा मिळेल इतके हौद हवेत. अंगावर पाणी मारायचे झाल्यास थेंब मोठे असावेत. बारीक तुषार केसांवरच राहतात, कातडीपर्यंत पोहोचत नाहीत. उलट हवा दमट करून घामाचे काम अवघड करतात.

या कथेत भारताचाही वाटा आहे. अमेरिकेत ब्रह्मन म्हणून ओळखली जाणारी वशिंडाची गुरे मूळची येथलीच. सौराष्ट्राची गीर, गुजरातची कांकरेज, आंध्रची ओंगोल आणि बेळगाव-सांगली भागाला परिचित असलेली कृष्णाकाठची गुरे यांचे रक्त त्यांच्यात आहे. 1924 मध्ये त्यांच्या पैदासकारांची संस्था स्थापन झाली. तुकतुकीत आखूड केस, सैल कातडी, गळ्याखालची लोंबती पोळी आणि अंगात मुळातच कमी निर्माण होणारी उष्णता, हे त्यांचे धन. इंपीरियल खोऱ्यातील प्रयोगांत त्याच उन्हात हेरफर्ड गुरे अधिक पाणी पीत, ब्रह्मन कमी. ब्रह्मन गुरांच्या संकरातूनच सांता गर्ट्रुडिस आणि ब्रँगस या जाती निघाल्या. तथापि जात कितीही काटक असली, तरी सावली आणि पाणी यांना पर्याय नाही.

राहिली ती रात्र. आणि या जमाखर्चात तीच सर्वांत महत्त्वाची. दिवसभर साठलेली उष्णता जनावर रात्री परत करते. रात्र थंड असेल, तर 44 अंशांची दुपारही ते सोसते. रात्र दमट, उबदार आणि वाऱ्यावाचून गेली, तर आदल्या दिवशीची बाकी दुसऱ्या दिवसावर चढते. जून 2022 मध्ये अमेरिकेच्या कॅन्सस राज्यात हेच घडले. तो प्रदेश वाळवंट नव्हे. पण उष्णता आणि दमटपणा एकाएकी वाढला, वारा पडला, रात्रीही गारवा मिळाला नाही, आणि काही दिवसांत किमान 2,000 गुरे मृत्यू पावली. जनावर अचानक कोसळते असे दिसते. पण त्याचा नाश बहुधा आधीच्या रात्रींतच सुरू झालेला असतो.

ग्वाल्हेरच्या वा बडोद्याच्या वैशाखात ठेंगण्या पत्र्याखाली म्हैस बांधणाऱ्यालाही हा हिशेब लागू पडतो. छप्पर हातभर उंच करणे, त्यावर पाचट वा पेंढा टाकणे, वाऱ्याच्या बाजूची भिंत मोकळी करणे, मोठा खुराक दिवस मावळल्यावर देणे आणि रात्री हौद भरलेला आहे ना हे पाहणे, यांतील एकही गोष्ट फार खर्चाची नाही. मुक्या जनावराला आपले दुःख सांगता येत नाही. त्याची धाप मात्र मोजता येते. ती पहाटे मोजावी. पहाटेच्या गारव्यातही जनावर धापतच असेल, तर त्या दिवसाचे ऊन त्याला झेपणार नाही, हे जाणून सूर्य वर येण्यापूर्वीच तजवीज करावी.