पास झालेला पेपरही शिळा होतो

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



गेल्या महिन्यात कार्यवाहताई घरी आल्या आणि म्हणाल्या, "तुम्ही ती अमेरिकेची परीक्षा दिलीत ना, तिच्याविषयी चार शब्द बोला." मी म्हटले, "अहो, हिशेबाच्या परीक्षेत बायकांनी ऐकण्याजोगे काय असणार?" त्यावर त्या म्हणाल्या, "दोन-सव्वादोन वर्षे तुमच्या स्वयंपाकघरातला दिवा पहाटे चारला लागलेला आम्ही पाहत होतो. तो कशासाठी लागत होता, एवढे तरी सांगा." तेव्हा तेवढेच सांगण्यासाठी उभी आहे. मला भाषणाची सवय नाही. चुकेल ते पोटात घालावे.

आपल्याकडे जसे चार्टर्ड अकाउंटंट, तसे अमेरिकेत सर्टिफाइड पब्लिक अकाउंटंट, म्हणजे सी. पी. ए. तिथे हा परवाना दिल्लीसारख्या एका ठिकाणाहून मिळत नाही. प्रत्येक राज्याचे स्वतःचे बोर्ड तो देते. परीक्षा मात्र सर्व राज्यांची एकच. मी ज्या कचेरीत काम करते, तिथे अमेरिकेतल्या कंपन्यांचे हिशेब तपासण्याचे काम चालते. काम आम्ही करायचे आणि खाली सही कुणा सी. पी. ए.ची, असा रिवाज. २०२० सालापासून ही परीक्षा भारतातही देता येऊ लागली, मुंबईत केंद्र झाले, आणि माझ्यासारख्या एम. कॉम. झालेल्या बाईच्या मनात आले की, सही आपलीच का असू नये?

पेपर चार. प्रत्येक पेपर चार तासांचा, संगणकासमोर बसून द्यायचा. उत्तीर्ण व्हायला ७५ गुण लागतात. मी सुरुवात केली तेव्हा हिशेबतपासणीचा एक, कर आणि कायद्याचा एक, व्यवसायाच्या सर्वसाधारण ज्ञानाचा एक, आणि चौथा आर्थिक हिशेब व अहवाल यांचा. या चौथ्याला मुले आणि शिक्षक 'फार' म्हणतात. इंग्रजी आद्याक्षरांवरून पडलेले नाव आहे, पण मराठीतही शोभते. तो फारच आहे. शंभर जण बसले तर चाळीसेक पास होतात.

चारही पेपर एकदम द्यावे लागत नाहीत. एकेक करून, आपल्या सोयीने द्यावेत. हे ऐकून मला किती बरे वाटले म्हणून सांगू! नोकरी, घर, मुलीची शाळा, सासूबाईंचे पथ्यपाणी, सगळे सांभाळून सहा महिन्यांनी एक पेपर द्यावा, चार झाले की सुटलो. पण या सोयीला एक दोरी बांधलेली असते, ती मी वाचली होती आणि तरी मनावर घेतली नव्हती. पहिला पेपर पास झाला की त्या दिवसापासून घड्याळ सुरू होते. तेव्हाच्या नियमाने अठरा महिन्यांत उरलेले तिन्ही पेपर पास व्हायला हवेत. झाले नाहीत, तर पहिल्या पेपरातले यश रद्द. तो पुन्हा द्यायचा, पुन्हा फी भरायची, पुन्हा अभ्यास करायचा. मग घड्याळ दुसऱ्या पास पेपरापासून मोजू लागायचे.

हा नियम ऐकायला दुष्ट वाटतो. पण त्यात तथ्य आहे. कर बदलतात, कायदे बदलतात, हिशेबाची मानके बदलतात. परवाना घेणाऱ्याच्या डोक्यात चारही विषय एका वेळी ताजे असावेत, अशी त्यामागची कल्पना. आपण नाही का सकाळची भाजी रात्री वास घेऊन पाहत? तसेच बोर्डाचे. आपल्याकडेही सी. ए.च्या परीक्षेत एखाद्या पेपरात ६० गुण पडले की पुढच्या तीन खेपांना त्या पेपराची सूट धरतात. अठरा महिने काय, तीन खेपा काय, तत्त्व एकच.

आता माझी चूक सांगते. मी सोपा पेपर आधी दिला. फेब्रुवारी २०२२ मध्ये हिशेबतपासणीचा पेपर दिला, कारण ते माझे रोजचे काम. पास झाले, पेढे वाटले. आपल्यापैकी कित्येकींनी ते खाल्ले असतील. सप्टेंबरात कर आणि कायदा झाला. फेब्रुवारी २०२३ मध्ये तिसरा झाला. उरला तो 'फार'. अवघड म्हणून मागे ठेवलेला. आणि घड्याळात उरले होते सहा महिने.

त्याची तारीख मी एप्रिलची घेतली होती. तेवढ्यात धाकट्या दिरांचे लग्न ठरले. मुहूर्त एप्रिलचाच निघाला. मला कोणी परीक्षा पुढे ढकल म्हणाले नाही, हे मी इथे स्पष्ट सांगते. घरात बैठक बसली होती, याद्या चालल्या होत्या, आणि मीच म्हणाले, "परीक्षेचे काय, ती पुढे नेता येते." तारीख तीस दिवस आधी बदलली तर दंड पडत नाही. मी त्याच्याही आधी बदलली. एक पैसा गेला नाही, म्हणून वाटले काहीच गेले नाही. लग्न थाटात झाले. मे महिन्यात सासूबाई न्हाणीघरात पाय घसरून पडल्या, खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया, मग अंथरूण. मी पुन्हा तारीख बदलली. शेवटी जुलैत पेपर दिला, कारण फी भरल्यावर तारीख घेण्यासाठी जी नोटीस येते तिचीही मुदत बहुतेक राज्यांत सहाच महिने असते. ती संपत आली होती. ऑगस्टमध्ये निकाल लागला. गुण ७३.

दोन गुण. नवी फी भरून नवी नोटीस येईपर्यंत अठरा महिने पुरे झाले आणि माझा पहिला पास पेपर गेला. पेढे वाटलेला पेपर! त्या रात्री मी रडले नाही. सकाळी मुलीच्या डब्यासाठी कणीक भिजवताना मात्र रडले.

पुढे आणखी एक गोष्ट झाली. बोर्डांच्या राष्ट्रीय संघटनेने २०२३ साली आपला नमुना नियम बदलला. अठरा महिन्यांचे तीस महिने केले आणि मोजणी निकालाच्या तारखेपासून धरली. एकेका राज्याने तो स्वीकारला. जानेवारी २०२४ पासून परीक्षेची रचनाही बदलली. तीन पेपर सर्वांना सारखे आणि चौथा आपल्या आवडीचा, तिघांतून एक निवडायचा. या बदलात कोणाचे नुकसान होऊ नये म्हणून ज्यांचे पास पेपर १ जानेवारी २०२४ रोजी जिवंत होते, त्यांना बहुतेक बोर्डांनी ३० जून २०२५ पर्यंत मुदत वाढवून दिली. माझ्या उरलेल्या पेपरांना ती मिळाली. हिशेबतपासणीचा पेपर मात्र ऑगस्टमध्येच गेला होता. साडेचार महिने आधी मेलेल्याला सवलत कुठून मिळणार? नियम सैल होतील या भरवशावर कोणी राहू नये, एवढे मी त्यातून शिकले.

नोव्हेंबर २०२३ मध्ये 'फार' पास झाले. मे २०२४ मध्ये हिशेबतपासणी दुसऱ्यांदा दिली. त्या वर्षी निकाल तीन महिन्यांनी एकदा लागत. जुलै संपता संपता तो आला आणि चारही पेपर एका वेळी जिवंत असे माझ्या नावावर झाले. परीक्षा झाली म्हणजे परवाना झाला असे नव्हे. त्याला अनुभवाचे दाखले लागतात. ते धाडले आहेत.

आता जी मुलगी ही किंवा अशी कोणतीही परीक्षा देणार असेल, तिच्यासाठी चार गोष्टी.

पहिली गोष्ट, अवघड पेपर आधी द्यावा. घड्याळ पेपर दिल्याने सुरू होत नाही, पास झाल्याने सुरू होते. पहिल्याच खेपेला अवघड पेपरात नापास झालात, तर फी गेली आणि श्रम गेले, पण मिळवलेले काही गेले नाही, कारण अजून काही मिळवलेलेच नाही. शेवटी नापास झालात, तर एका नापासाबरोबर एक पासही जातो. आपण पापडांचे पीठ आधी भिजवून मग लाटायला बायका शोधत हिंडतो का? आधी माणसे ठरवतो, ऊन पाहतो, मग पीठ भिजवतो. मी पीठ आधी भिजवले.

दुसरी गोष्ट, प्रत्येक पास पेपर कोणत्या दिवशी शिळा होतो, ती तारीख त्याच दिवशी भिंतीवरच्या दिनदर्शिकेत लाल शाईने लिहावी. आपल्या राज्याचा नियम किती महिन्यांचा आणि मोजणी कोणत्या दिवसापासून, हे बोर्डाकडूनच विचारून घ्यावे. मैत्रिणीच्या तोंडून नव्हे. तिचे राज्य वेगळे असू शकते.

तिसरी गोष्ट, शेवटच्या तारखेपासून मागे मोजत यावे. त्यात निकाल लागण्याचे दिवस धरावेत, नवी नोटीस येण्याचे दिवस धरावेत आणि एक नापास धरावा. एका नापासाला जागा ठेवणे अशुभ नाही. आपण लग्नात पन्नास पाने जास्त धरतोच की!

चौथी गोष्ट मुलींसाठी नाही, आपल्यासाठी आहे, आणि तीच सांगायला मला संकोच वाटतो. घरात कार्य निघाले, आजारपण आले, की सर्वांत आधी कोणाची तारीख हलते? मुलाची परीक्षा असेल तर घरात रेडिओसुद्धा हळू लागतो. यजमानांची बढतीची मुलाखत असेल तर सत्यनारायण पुढे जातो. सुनेची परीक्षा मात्र "पुढे नेता येते". आणि हे बहुतेक वेळा ती सूनच म्हणते. तानाजी म्हणाला होता, आधी लगीन कोंडाण्याचे. आम्ही बायका उलटे म्हणतो. आधी लगीन दिरांचे, मग कोंडाणा. आजारपण टळत नाही, माझ्या सासूबाई पडल्या त्यात कोणाचा दोष नाही. पण एप्रिलचा पेपर मी एप्रिलमध्ये दिला असता आणि दोन गुणांनी गेला असता, तरी ऑगस्टपूर्वी पुन्हा बसायला सवड होती. ती सवड मी लग्नाच्या याद्यांना देऊन टाकली, आणि कोणी मागितलेलीही नव्हती.

मागे एकदा वाचनात आले, न्यूयॉर्क राज्याने सी. पी. ए.चा कायदा केला तो १८९६ साली. तिथे क्रिस्टीन रॉस नावाच्या बाईने १८९८ साली ही परीक्षा दिली आणि अमेरिकेतली पहिली स्त्री सी. पी. ए. म्हणून तिला प्रमाणपत्र मिळाले ते १८९९ च्या डिसेंबरात. बाईला ते द्यावे की नाही, या विचारात मंडळींचे सुमारे अठरा महिने गेले. आपल्या देशात आर. शिवभोगम यांनी मद्रासला १९३३ साली हिशेबनिसाची सरकारी पदविका मिळवली. भारतातल्या पहिल्या स्त्री हिशेबतपासनीस त्या. त्यांना अडवणारे बाहेरचे होते. मला बाहेरच्या कोणी अडवले नाही. माझे अठरा महिने माझ्या हाताने गेले, म्हणून मला त्यांची नावे घेताना थोडी लाज वाटते.

मे २०२४ च्या पेपराच्या वेळी मी शहाणी झाले होते. तारीख आधी सर्वांना सांगितली, विचारली नाही. तेव्हा सासूबाई काठी टेकीत आल्या आणि म्हणाल्या, "या खेपेस मी पडले तरी तू पेपराला जा." त्या दिवशी समोरच्या काकू सकाळपासून त्यांच्याजवळ बसल्या. आमच्या मजल्यावरच्या ताईंनी मुलीला जेवू घातले. तेव्हा त्या पेपरातल्या ७५ पैकी काही गुण या आळीचे आहेत, असे मी हिशेबाने म्हणते.

म्हणून मंडळापुढे एक सूचना ठेवते. आपल्या वाचनालयाच्या टेबलावर एक वही ठेवावी. आपल्या आळीतल्या ज्या मुलीची, सुनेची, बाईची कोणतीही परीक्षा असेल, मग ती शिक्षिकेची असो, परिचारिकेची असो की हिशेबाची, तिने आपली तारीख त्या वहीत लिहावी. मंडळाने त्या दिवशी तिच्याकडे हळदीकुंकवाचे काम देऊ नये, आणि शेजारणींनी एक जेवण आणि दोन तास तिच्या घराला द्यावेत. खर्च एका वहीचा. तारीख चारचौघींच्या वहीत लिहिली गेली, की ती हलवताना तिलाही जड जाईल. तो जडपणाच आपल्याला हवा आहे.

मंडळाला माझ्या शुभेच्छा. कार्यवाहताईंना एक सांगायचे राहिले. स्वयंपाकघरातला दिवा अजून पहाटे चारला लागतो. आता मुलीची दहावी आहे. पहिले नाव त्या वहीत तिचे लिहीन म्हणते.