नुसतं बघतोय...

कापड दुकानाची पायरी चढली, की दुकानदार म्हणतो, ‘बघा तर खरं, बघायला पैसे पडत नाहीत.’ मग पाच-पंचवीस साड्या उलगडल्या जातात आणि काहीच न घेता उठायचा आपल्यालाच संकोच वाटू लागतो. श्रोतेहो, ‘नुसतं बघणं’ इतकं साधं नसतं.

चिंचवडला आमच्या गल्लीत एक मुलगा आहे. चाकणला कामाला जातो. रात्रपाळीहून आला, की कट्ट्यावर बसून मोबाइलवर अंगठा फिरवत असतो. मी विचारलं, ‘काय रे, पैसे लावतोस की काय?’ म्हणाला, ‘नाही चाचा, नुसतं बघतोय.’ त्यानं मला पडदा दाखवला. ते ऑनलाइन कॅसिनोचं दर्शनी पान होतं. त्याला लॉबी म्हणतात. हॉटेलच्या लॉबीत आपण थोडा वेळ टेकतो आणि कामाला निघतो. ही लॉबी मात्र माणसानं निघू नये म्हणून मांडलेली असते.

तिथे खेळांच्या रंगीत चौकटी ओळीनं लावलेल्या असतात. एक ओळ ‘लोकप्रिय’, दुसरी ‘नवीन’, तिसरी ‘खास तुमच्यासाठी’. ओळीतली शेवटची चौकट बहुधा अर्धीच दिसते. उरलेली अर्धी बघायला अंगठा आपोआप सरकतो. ‘नुकतेच खेळलेले’ ही ओळ वर असते, म्हणजे काल जिथे सोडलं तिथे आज एका बोटात पोचता येतं. काही खेळ फुकट खेळून बघता येतात. हात बसला, की पैसे भरायचं बटण शेजारीच असतं. कुठला खेळ वर ठेवायचा, कशाला ‘लोकप्रिय’ म्हणायचं, हे मालक ठरवतो. आपल्याला मात्र वाटतं, निवड आपणच केली.

कोपऱ्यात जिंकणाऱ्यांची नावं सरकत असतात. हरणाऱ्यांची यादी कुठेच नसते. ऑक्टोबर २०२३ मध्ये पिंपरी-चिंचवड पोलीस दलातल्या एका उपनिरीक्षकाला क्रिकेटचा संघ लावण्याच्या ऑनलाइन खेळात दीड कोटी रुपये लागले. तो खेळ कॅसिनोचा नव्हता. पण बातमी गावभर झाली. पुढे ते निलंबित झाले, ते मात्र कमी जणांच्या लक्षात राहिलं.

ही मांडणीची विद्या जुनी आहे. अमेरिकेतल्या बिल फ्रीडमन यांनी कॅसिनोच्या रचनेवर २००० साली जाडजूड पुस्तक लिहिलं. छत ठेंगणं ठेवा, वाटा वळणावळणाच्या करा, समोर सतत यंत्रच दिसू दे, असा त्यांचा सल्ला. नताशा डाऊ शूल या अभ्यासक बाईंनी लास व्हेगासमधल्या यंत्रांवर खेळणाऱ्यांचा अभ्यास करून २०१२ साली पुस्तक काढलं. त्यांना आढळलं, की कित्येक जण जिंकायला खेळतच नाहीत. सगळं विसरायला लावणारी ती तंद्री त्यांना हवी असते. पाळीवरून थकून आलेल्या माणसाला ती किती हवीशी वाटत असेल, हे आमच्या कारखान्यांच्या गावाला सांगायला नको.

आपल्याकडे मटका होता. न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराच्या उघडत्या आणि बंद भावांवर मुंबईत पैसे लागत. त्यावरूनच ‘ओपन’ आणि ‘क्लोज’ हे शब्द आले. साठच्या दशकात कल्याणजी भगत आणि रतन खत्री यांनी आकडे काढायला सुरुवात केली. मटक्यानं असंख्य घरं बसवली, त्याची भलामण मी करणार नाही. पण त्याला निदान ‘क्लोज’ होता. आकडा फुटला, की माणूस घरी जाई. लॉबीला ‘क्लोज’ नाही.

गझलेत शेर वेगवेगळे असतात, रदीफ एकच. या चौकटींचंही तसंच. चित्र पिरॅमिडचं असो की फळांचं, शेवट मालकाच्या टक्क्यावरच होतो. समजा, खेळाचा परतावा शेकडा ९६ आहे. ऐकायला बरं वाटतं. पण आलेली सगळी रक्कम पुन्हा पुन्हा लावली, तर शंभराचे सरासरी दहा डावांत ६६ उरतात, वीस डावांत ४४. एका डावाला लागतात काही सेकंद.

जुगाराचा धोका माणसाला फार पूर्वी कळला होता. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात जुगाऱ्याच्या दैन्याचं सूक्त आहे, कुराणात जुगार निषिद्ध आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनंही पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संमत केला. असे खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड त्यात सांगितला आहे. खेळणाऱ्याला शिक्षा नाही. हे योग्यच झालं. पण कायदा पैसे लावण्यापाशी सुरू होतो. सवय त्याच्या कितीतरी आधी, बघण्यापाशी सुरू झालेली असते.

म्हणून घरातल्या माणसांनी ‘किती हरलास?’ हा प्रश्न येईपर्यंत थांबू नये. ‘रात्री किती वेळ बघत होतास?’ एवढंच आवाज न चढवता विचारावं. उत्तर देताना मुलगा अडखळला, तर त्याच्याशेजारी बसावं. गरज वाटली, तर ‘टेली-मानस’ या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक आहे. तिथे मराठीतही बोलता येतं, आणि त्या बोलण्याला खरोखरच पैसे पडत नाहीत.