परवाना आणि आडवी बाटली

भीमाकांठचें दौंड हें आगगाडीचें मोठें जंक्शन, तर घोडनदीकांठचें शिरूर ही पुणें-नगर रस्त्यावरील बाजारपेठ. जेथें वाटसरू, तेथें खाणावळ. आणि खाणावळीच्या मालकास मद्यविक्रीचाही मोह पडतो. परंतु १९४९ च्या दारूबंदी कायद्याचें मूळ सूत्र बंदीचें आहे. विक्री हा अपवाद होय. पिणारासही परवाना लागतो. ‘परमिट रूम’ हें नांव त्यावरूनच पडलें.

बसून पिण्याच्या जागेस एफ. एल. तीन, विदेशी मद्याच्या सीलबंद विक्रीस एफ. एल. दोन आणि देशी दारूस सी. एल. तीन, असे परवाने निरनिराळे आहेत. एका परवान्यावर दुसऱ्याचा धंदा करतां येत नाहीं.

परवाना मिळाला म्हणजे चिंता मिटली, असेंही नाहीं. १ एप्रिल २०१७ पासून सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानें हमरस्त्यांलगतची विक्री थांबली. नगरपालिकांच्या हद्दींना पुढें मोकळीक मिळाली. खेड्यांत तर २००८ च्या शासन-आदेशान्वयें नोंदलेल्या स्त्री-मतदारांपैकीं निम्म्याहून अधिक जणींनीं ‘आडव्या बाटली’स मत दिल्यास दुकान बंद होतें. परवाना भिंतीवर टांगतां येतो. शेजाऱ्यांची संमति मात्र रोज राखावी लागते.