रजा तोंडी, खाडे लेखी
(इचलकरंजी येथील महिला मेळाव्यातील भाषण)



आपल्या गावात माग चालतो तो कांडीवर, आणि कांडी भरणारे हात बहुतेक बायकांचे. मीही कांडीवालीच. १९९४ साली मला नववा महिना लागला तेव्हा दिवाणजींकडे रजा मागितली. "जावा बिनघोर, जागा ठेवतो," म्हणाले. सव्वा महिना होताच परत गेले, तर माझ्या मशीनवर दुसरीच बाई. रजेचं विचारलं तर त्यांनी वही पुढे केली. माझ्या नावापुढे ओळीने खाडे! रजा तोंडी दिलेली, खाडे मात्र लेखी.

तेव्हा मला त्या बाईचाच राग आला. तिलाही पोट होतं, हे नंतर कळलं. बाळंतपणाच्या रजेचा कायदा १९६१ सालचा. पण तो आम्हाला कुणी सांगितलाच नव्हता.

"रोजंदारीवालीला कसली बाळंतपणाची रजा?" असं आजही ऐकवतात. दिल्ली महानगरपालिकेच्या हजेरीपटावरच्या मजूर बायकांनाही हीच रजा नाकारली होती. त्या संघटनेमार्फत भांडल्या. ८ मार्च २००० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, बाई कायम असो वा रोजंदारीवर, हा हक्क तिचा आहे. निकाल आला तो नेमका महिलादिनी!

२०१७ साली पहिल्या दोन मुलांसाठी ही पगारी रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवडे झाली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून हा कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत गेला, तरी २६ आठवडे कायम आहेत. बाळंतपणाच्या तारखेआधीच्या १२ महिन्यांत ८० दिवस काम भरलेलं हवं. या रजेवर असताना कामावरून काढणं बेकायदेशीर आहे.

खरी गोम या ८० दिवसांत आहे. ते सिद्ध कसे करणार? अनेकींचं नाव पटावर नसतं. एकच कारखाना कागदावर दोन-तीन नावांनी दाखवतात, म्हणजे माणसं कमी दिसतात.

म्हणून रजा तोंडी मागू नका. अर्ज दोन प्रतींत लिहा, एकीवर सही-तारखेची पोच घ्या. सही देत नसतील तर अर्ज पोस्टाने पाठवून पावती जपा. लिहिता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या लेकीला सांगा. रोजची हजेरी आणि आठवड्याचा पगार घरी लिहून ठेवा. आणि एकटीने जाऊ नका, चौघीजणी मिळून जा.

दिवाणजींच्या वहीसमोर आपलीही एक वही हवी.